बत्तिसावी टिकली

“एकोणतीस, तीस, एकतीस…” खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून मी मोजत होते. “बत्तीस.”

पुन्हा मोजल्या. हसऱ्या चेहऱ्यावर एकोणीस, मधल्यावर सात, रडक्यावर सहा. बत्तीसच होत होत्या. पहिली ‘ब’च्या पटावर मुलं होती एकतीस. त्या दिवशी एकही गैरहजर नव्हतं, तेही मी आधीच मोजून ठेवलं होतं.

“ताई,” मागून शिपाईमामांचा आवाज आला, “हजेरीत तुमचंबी नाव घालायला सांगू का बाईंना?”

मी हसले नाही. त्या काळात मला विनोद कळत नसत.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालेली, आणि कऱ्हाडच्या एका फ्लॅटमध्ये एका मुलीची आई हाच माझा पूर्णवेळ हुद्दा होता. कॉलेजात काचेच्या बशीत वाढवलेल्या जिवाणूंचे ठिपके मोजण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एवढं शिक्षण वाया गेलं, असं माझी आई फोनवर म्हणायची. वाया कुठं गेलं? रोज सकाळी पावणेआठला मी ते शाळेच्या खिडकीत उभी राहून वापरत होते.

मोजायला ठिपके दिले होते सबनीस सरांनी. हे गृहस्थ पुण्याहून यायचे. पांढरा झब्बा, गळ्यात रुद्राक्ष, आणि कानाला लावलेला तो माइक, म्हणजे हात मोकळे राहतात आणि हवेत फिरवता येतात. त्या जूनमध्ये आमच्या शाळेनं ‘ताणमुक्त शाळा’ नावाची मोहीम घेतली आणि ती सबनीस सरांकडे सोपवली. पालकांसाठी एक कार्यशाळा झाली. तिच्यात आम्हाला डोळे मिटून आपला ताण फुग्यात फुंकायला लावलं आणि मग सगळ्यांनी मिळून फुगे फोडले. दोनशे फुगे एकदम फुटल्यावर कडेवरची चार-पाच पोरं जी किंचाळली, ती चहापाण्यापर्यंत गप्प झाली नाहीत. शिक्षकांची कार्यशाळा रविवारी होती. ताण घालवायला सकाळी आठला हजर राहावं, न आल्यास एक रजा मांडली जाईल, अशी सूचना फळ्यावर लागली होती. ती मी स्वतः वाचली आहे.

सरांचं एक लाडकं वाक्य होतं. ताण हा चपलेसारखा असतो, तो दाराबाहेर काढून वर्गात यायचं. हे म्हणताना ते खरोखर पाय झटकून दाखवायचे.

तर त्यांनी प्रत्येक वर्गाला एक तक्ता दिला. त्यावर तीन मोठे चेहरे होते. एक हसरा, एक सरळ तोंडाचा, एक रडका. सकाळी प्रार्थनेनंतर प्रत्येक मुलानं आपल्याला कसं वाटतंय ते पाहून त्या त्या चेहऱ्यावर गोल चिकटपट्टी लावायची. दुपारी त्या काढायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सरांनी दिलेल्या चिकटपट्ट्या आठवड्यात संपल्या. मग कुठल्या वर्गानं रंगीत कागद कापले, कुठल्या वर्गानं आणखी काही केलं. पहिली ‘ब’च्या खटावकर बाईंनी पर्समधून लाल टिकल्यांची पाकिटं काढली. आपण कपाळाला लावतो तीच, साधी, गोल. वर्षाच्या शेवटी ज्या वर्गात सगळ्यात जास्त हसरे चेहरे, त्या वर्गाला ढाल मिळणार होती. आनंदाची ढाल. मुख्याध्यापिका देवल मॅडमनी ती कपाटातून काढून पालकांना दाखवलीसुद्धा होती.

बाकीच्या सगळ्या वर्गांचे तक्ते ऑगस्टपर्यंत रोज हसऱ्यावर गच्च भरायला लागले. पहिली ‘अ’च्या हसऱ्या चेहऱ्याचे तर डोळे दिसेनासे झाले होते. फक्त आमच्या ‘ब’मध्ये रोज पाच-सहा टिकल्या रडक्यावर असायच्या. आणि त्यातली एक माझ्या मनूची असायची.

मनू, म्हणजे मृण्मयी. सहा वर्षांची. नखं खायची. बाकी तिला काहीही होत नव्हतं, पण हे मला आज कळतंय. तेव्हा मी वही घातली होती. डबा किती संपला, झोपेत किती वेळा बोलली, कुठल्या बोटाचं नख कुठवर खाल्लं. माझा नवरा पुष्कर ती वही चाळून म्हणाला होता की एवढी माहिती पोलिसांकडे नसते. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मनूला मी रोज टिकली लावताना पाहत होते; बाकी कोण काय लावतं तिकडे माझं लक्ष नसायचं, शेवटी मी नुसत्या टिकल्या मोजायचे. ती रांगेतून पुढं यायची, पाकिटातून टिकली सोडवायची, आणि लावण्याआधी खिडकीकडे बघायची. सरळ माझ्या डोळ्यांत. मग रडक्या चेहऱ्यावर टिकली दाबून जागेवर जाऊन बसायची. पोर मला सांगतेय, आई मला इथून सोडव, असं मला वाटायचं. कार्यशाळेत शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली आई मी. मला नाही कळणार तर कुणाला?

मग दुपारी घरी आणल्यावर मी तिला मांडीवर घ्यायची, डोक्याला तेल चोळायची, तिच्या आवडीचं गूळपोळीचे लाडू करून भरवायची आणि हळूच विचारायची. बाई ओरडल्या का? मारलं का कुणी? ती डोळे मिटून “असंच” म्हणायची आणि आणखी जवळ सरकायची.

त्या “असंच”मध्ये मला खटावकर बाई दिसायच्या.

बाई मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नव्हत्या. चाळिशीच्या, कोरड्या, हसणं राखून ठेवल्यासारख्या. ‘अ’च्या मॅडम गेटवर उभ्या राहून मुलांना टाळ्या देत. ह्या घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी धापा टाकत येत, साडीच्या निऱ्या एकीकडे, पर्स दुसरीकडे. एकदा मधल्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या मी पाहिल्या. वहीत वेळ लिहून ठेवली, दहा वाजून सात मिनिटं. आणि आणखी एक गोष्ट लिहिली होती. सकाळी येताना बाईंच्या कपाळावर टिकली असते, प्रार्थनेनंतर नसते. हे वाचून माझी शेजारीण आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधला मुख्य आवाज असलेली सोनल ढवळे म्हणाली, “अगं, नवरा आहे ना त्यांना? मग हे काय भुंडं कपाळ घेऊन पोरांसमोर उभं राहायचं?” मला तिचा हा विचार मागासलेला वाटला. पण तक्रारीत घालायला बरा आहे, असंही वाटलं.

म्हणजे बघा. एका पानावर लिहिलं होतं की टिकल्या एक जास्त होतात. पुढच्याच पानावर लिहिलं होतं की बाईंच्या कपाळावरची टिकली नाहीशी होते. दोन्ही पानं माझ्याच अक्षरात. एम.एस्सी., प्रथम श्रेणी.

सप्टेंबरमध्ये मी खिडकीतून तक्त्याचा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “आपल्या वर्गातली मुलं रोज रडतात. का?” एवढंच. तासाभरात ऐंशी संदेश आले. एकीच्या मुलाला शाळेचं नाव काढलं की उलटी होत होती, एकीचा मुलगा गणितात मागं पडला होता, एकीच्या मुलीच्या केसांत उवा झाल्या होत्या. सगळ्याला खटावकर बाई कारण होत्या. शुक्रवारी आम्हाला बोलावणं आलं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत देवल मॅडम, खास पुण्याहून आलेले सबनीस सर, मी, सोनल, आणि दाराजवळच्या खुर्चीत खटावकर बाई. वह्या तपासता तपासता उठून आल्या असाव्यात, बोटाला लाल शाई होती. कपाळ मोकळं.

त्यांची नेमणूक वर्षावर्षाची होती आणि पुढच्या जूनमध्ये त्यांना कायम करायचं चाललं होतं, हे मला माहीत होतं. शाळेतलं मला सगळंच माहीत असायचं. त्या खोलीत काय पणाला लागलंय हे ठाऊक असूनच मी वही उघडली.

देवल मॅडमनी आधी त्यांनाच विचारलं, बाकीचे वर्ग एवढे आनंदी असताना तुमचाच वर्ग रडका का?

बाई म्हणाल्या की बाकीच्या वर्गांत रडक्यावर टिकली लावणाऱ्या पोराला परत उठवून हसऱ्यावर लावायला सांगतात. त्यांच्या वर्गात नाही सांगत.

“दुसऱ्या वर्गांचं बोलू नका,” देवल मॅडम म्हणाल्या.

मग मी बोलले. सोमवारी हजर तीस, टिकल्या एकतीस. मंगळवारी एकतीस आणि बत्तीस. बुधवारी एकोणतीस आणि तीस. दहा दिवसांचा हिशेब वाचून दाखवला. म्हणाले, मुलं रडतात ते एक, पण तक्ताही खोटा आहे, त्यात रोज एक टिकली जास्त घातली जाते आणि तीही रडक्यावरच असणार. सोनलनं मधेच कपाळाचा विषय घुसवला. वर्गात येणाऱ्या बाईंनी निदान टिकली तरी लावावी, पालकांची भावना आहे.

“लावते,” खटावकर बाई म्हणाल्या. “तिथं लावते.”

कुणाला काही समजलं नाही. मग त्यांनी सरळ सांगितलं. तक्ता सुरू झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, बाई, तुमची कुठं? पाकीट तेव्हा संपलं होतं म्हणून कपाळावरची काढून लावली. पोरांनी दुसऱ्या दिवशी आठवण केली, तिसऱ्या दिवशीही केली. तेव्हापासून रोज पोरांच्या देखत कपाळावरची काढायची आणि लावायची, असं होऊन बसलं. त्या लावल्याशिवाय मुलं पुस्तक उघडत नाहीत.

“पण रडक्यावर?” सबनीस सर म्हणाले.

“घरी माणूस अंथरुणावर आहे सर. चौदा महिने झाले. पहाटे त्यांचं सगळं करून येते. पोरांनी विचारलं कसं वाटतंय, तर काय सांगू?”

सर हसले. समजूतदार हसणं कसं असतं ते त्यांना येत होतं. “बाई, मी कार्यशाळेत काय सांगितलं होतं? ताण चपलेसारखा…”

“चपला कुणीतरी नेतं सर,” बाई म्हणाल्या. “हे कुणी नेत नाही.”

देवल मॅडमनी घड्याळ पाहिलं. सर वहीत काहीतरी लिहू लागले. मला मात्र राग आला, कारण माझा प्रश्न हरवत चालला होता. माझ्या दहा दिवसांच्या मोजणीचं उत्तर इतकं साधं निघावं, ही माझी फजिती होती. मी म्हणाले, तुमचं दुःख तुमच्याजवळ, पण माझी मुलगी रोज रडक्यावर का लावते ते सांगा.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं असावं.

“ते मी मनूच्या आईशी एकटीशी बोलेन,” त्या म्हणाल्या.

“इथंच बोला,” मी म्हणाले. “माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.”

त्यांनी बोटावरची शाई चोळली. “मग राहू दे,” म्हणाल्या.

त्या “राहू दे”नं सगळं ठरलं. उत्तर नाही म्हणजे दोष आहे, असं खोलीतल्या चारही माणसांनी गृहीत धरलं. बाई उठून वर्गावर गेल्या, आम्हाला चहा आला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर खटावकर बाई दिसल्या नाहीत. ताणमुक्त शाळेनं त्यांच्या आरोग्याचा विचार करून त्यांना विश्रांती दिली होती. असंच छापून आलं होतं पालकांच्या पत्रकात, ‘विश्रांती’. त्यांच्या जागी प्राची मॅडम आल्या. तेवीस वर्षांच्या, गेटवर टाळ्या देणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात ‘ब’चा तक्ता हसऱ्यावर गच्च भरला. मी खिडकीतून मोजल्या. एकतीस मुलं, एकतीस टिकल्या, सगळ्या एकाच चेहऱ्यावर. मनूचीही. ती आता लावताना खिडकीकडे बघतसुद्धा नव्हती. मी विजयानं घरी आले आणि पुष्करला म्हणाले, बघितलंस?

फेब्रुवारीत संमेलन झालं. ढाल ‘अ’ला गेली, पण मला प्रमाणपत्र मिळालं. ‘सजग पालक’. सोनेरी कड, सबनीस सरांची सही. मी स्टेजवर जाऊन ते घेतलं, टाळ्या झाल्या, मी पदर सावरला. मला आजही तो क्षण आठवला की स्वयंपाकघरात एकटी असले तरी तोंड वाकडं होतं.

परतताना मनू स्कूटरवर माझ्यापुढं उभी होती, प्रमाणपत्राची सुरनळी तिच्या हातात. कृष्णेच्या पुलावर गर्दी होती, आम्ही थांबलो होतो. मी सहज, अगदी सहज, म्हणाले, आता आमची मनू रोज हसऱ्यावर टिकली लावते, किती छान ना?

“रडक्यावर लावली की बाई जातात,” ती म्हणाली.

मी म्हणाले, असं काही नसतं बाळा.

“गेल्या ना पण. आमच्या बाई. रडक्यावर लावली म्हणून गेल्या. प्राची मॅडम चांगल्या आहेत, त्या नको जायला.” तिनं सुरनळीतून पुलाखालच्या पाण्याकडे बघितलं. “मी तर खोटीच लावत होते.”

मागून हॉर्न वाजत होते. मी स्कूटर कडेला घेतली, उतरले आणि विचारलं, खोटी म्हणजे?

ती जे म्हणाली ते मी जसंच्या तसं देते, त्यात काही घालण्यासारखं नाही. ती म्हणाली, “हसऱ्यावर लावली की तू घरी नुसतं विचारत बसायचीस. काय झालं, काय झालं. काहीच नाही म्हटलं तरी पुन्हा विचारायचीस. रडक्यावर लावली की मांडीवर घ्यायचीस. लाडू करायचीस. म्हणून मी आधी तू आहेस का बघायची आणि मग लावायची.”

“हे बाईंना माहीत होतं?”

“हो. मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, आईला आपण नको सांगायला, मी सांगेन नीट.”

मी तिला विचारलं, बाईंना तुमची कुठं असं कुणी विचारलं होतं? ती म्हणाली, “मीच.” जसं काही हे कुणालाही माहीत असतं.

पुढच्या आठवड्यात मी खटावकर बाईंच्या घरी गेले. मलकापूरला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खाटेवर त्यांचे यजमान, एक हात छातीवर ठेवलेला, रेडिओवर बातम्या. ओट्यावर शिकवणीची चार मुलं बेरजा करत होती. बाईंच्या कपाळावर टिकली होती. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाल्या, चहा टाकला. मी काय बोलायचं ते रस्त्यात तीनदा पाठ केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी म्हणाले, मनूनं सांगितलं मला सगळं.

“नखं खाते अजून?”

“नाही.”

“चेहरा?”

“हसरा. रोज.”

“मग जिंकलात की,” बाई म्हणाल्या आणि साखरेचा डबा पुढं केला.

मी म्हणाले की मी देवल मॅडमना सांगते, लेखी देते, ग्रुपवर लिहिते. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ते लिहिणं वगैरे तुम्ही करालच, तुम्हाला सवय आहे. पण जागा भरली, त्या पोरीला का काढायचं आता? मग खाटेवरच्या माणसाची उशी वर सरकवता सरकवता, माझ्याकडे पाठ असतानाच, त्यांनी विचारलं, “खिडकीत उभ्या राहता का अजून?”

“नाही,” मी म्हणाले. खरंच सोडलं होतं मी ते.

“मग आता कुठून बघता?”

मला वाटलं त्या उत्तराची वाट बघतायत. त्या वाट बघत नव्हत्या. ओट्यावरच्या एका मुलाची बेरीज चुकली होती, तिकडे गेल्या.

मी देवल मॅडमना पत्र दिलं. त्यांनी ते फाइलला लावलं. ग्रुपवर लिहिलं, तर सोनलनं अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. सबनीस सर आता मोठ्या कंपन्यांतून बोलतात म्हणे, चपला तिथंही काढायला लावत असतील.

मनू पंधरा वर्षांची आहे, दहावीला. शिकवणीला जाते, दार लावून अभ्यास करते, मला फारसं काही सांगत नाही. मी विचारत नाही. मी शिकलेली आहे, मला कळतं आता. मी फक्त सकाळी उठल्याबरोबर व्हॉट्सअॅपवर ती शेवटची केव्हा जागी दिसली होती ती वेळ बघायचे. वहीत नाही लिहीत. नुसती बघायचे.

गेल्या महिन्यात तिनं ती वेळ दिसणं बंद केलं. तेव्हापासून मी तिच्या मैत्रिणीची बघते.